पैसे भरणारा प्रेक्षक जाहिरातदाराला कसा विकला जातो?

ओटीटीवर काम करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांचे संशोधन आराखडे वाचायला मिळाले, की पहिल्या प्रकरणात एक परिच्छेद हमखास सापडतो. ओटीटी सेवांचे तीन प्रकार: वर्गणीवर चालणाऱ्या म्हणजे एसव्हीओडी, जाहिरातींवर चालणाऱ्या म्हणजे एव्हीओडी आणि एकेका सिनेमाचे पैसे घेणाऱ्या म्हणजे टीव्हीओडी. त्याखाली तीन चौकटींची आकृती, प्रत्येक चौकटीत दोन-तीन कंपन्यांची नावं. मग पुढे विषय येतो, ‘एसव्हीओडी प्रेक्षकांच्या सवयी’ किंवा असंच काहीतरी.

तुम्ही नेट-सेट किंवा पेटची तयारी करत असाल आणि माध्यमांवर संशोधन करायचं डोक्यात असेल, तर या परिच्छेदाबद्दलची माझी तक्रार ऐकून घ्या. तो अगदीच खोटा नाही. पण हे वर्गीकरण धंद्यातल्या लोकांनी कमाईच्या हिशेबासाठी केलेलं आहे. पैसा कोणत्या खिशातून येतो, एवढंच ते सांगतं. प्रेक्षक कोण, त्याची मोजणी कोण करतं, ती मोजणी कोणापुढे ठेवली जाते, यातलं काहीही त्यातून कळत नाही. आणि आपल्याला, म्हणजे संशोधकाला, नेमकं तेच हवं असतं.

आधी वर्गणीचा धंदा कसा चालतो ते बघू. मालिका किंवा सिनेमा बनवण्याचा, विकत घेण्याचा खर्च आधीच होऊन जातो. त्यानंतर एक प्रेक्षक वाढला काय किंवा लाख वाढले काय, त्या मानाने जादा खर्च फार थोडा. त्यामुळे सगळं गणित दोन गोष्टींवर येऊन थांबतं: किती लोक आत आले आणि किती सोडून गेले. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली. तेव्हापासून जवळजवळ पंधरा वर्षं कंपनीचं गिऱ्हाईक एकच होतं, वर्गणीदार. जाहिरातदार नव्हताच, म्हणून कोणी काय पाहिलं हे बाहेर सांगायची गरजही नव्हती. शेअर बाजाराला एकच आकडा हवा होता: या तिमाहीत वर्गणीदार किती वाढले?

जाहिरातीशिवायचा हा काळ इतका ठळक ठरला, की वर्गणी म्हणजे जाहिरातीपासून सुटका असं आपण धरूनच चाललो. खरं तर पैसे भरून जाहिराती पाहणं मराठी घराला काही नवीन नाही. केबलवाल्याला महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे आणि तरी मालिकेच्या ऐन प्रसंगात ब्रेक सहन करायचा, हे आपण वर्षानुवर्षं केलं. वर्तमानपत्राचंही तेच. अमेरिकेत हुलूने २०१० मध्ये वर्गणीची सेवा सुरू केली तीसुद्धा जाहिरातींसकट. म्हणजे ‘शुद्ध’ एसव्हीओडी ही चौकट सुरुवातीपासूनच गळकी होती. नेटफ्लिक्सचं यश मोठं, म्हणून ते गळणं कोणाच्या डोळ्यावर आलं नाही एवढंच.

२०२२ च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे सुमारे २ लाख वर्गणीदार कमी झाले. दहा वर्षांहून अधिक काळात पहिल्यांदाच असं घडलं. पुढच्या तिमाहीत आणखी ९ लाख ७० हजारांच्या आसपास गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये बारा देशांत जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आला, अमेरिकेत महिना ६.९९ डॉलरला. भारत त्या बारांत नव्हता. डिसेंबरमध्ये डिझ्नी प्लसनेही अमेरिकेत तसाच प्लॅन आणला.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला कोणत्याही व्यापारविषयक बातमीत मिळेल. माझा रस पुढच्या भागात आहे: जाहिरातदार दारात आला की मोजणीचं काय होतं?

‘हे किती जणांनी पाहिलं’ या प्रश्नाला नेटफ्लिक्सने वेगवेगळ्या काळात दिलेली उत्तरं एकाखाली एक लिहून बघा. सुरुवातीला सिनेमाचा किंवा एखाद्या भागाचा ७० टक्के हिस्सा पाहिला तर ते खातं ‘पाहिलं’ म्हणून मोजत. जानेवारी २०२० मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रात कंपनीने सांगितलं, की यापुढे दोन मिनिटं पाहिलं तरी पुरे. प्रेक्षकाने ते ‘निवडलं’ असं धरू. याच पत्रात हेही कबूल केलं होतं, की नव्या पद्धतीने आकडा सरासरी ३५ टक्क्यांनी वाढतो. ‘अवर प्लॅनेट’ ही निसर्गमालिका जुन्या मापाने ३ कोटी ३० लाख घरांनी पाहिली होती, नव्या मापाने ती ४ कोटी ५० लाख झाली. एकही जादा माणूस टीव्हीसमोर बसला नाही आणि सव्वा कोटीच्या आसपास घरं वाढली!

नोव्हेंबर २०२१ पासून साप्ताहिक याद्या यायला लागल्या, त्यात एकूण तास मोजले जात. जून २०२३ मध्ये पुन्हा बदल: एकूण तास भागिले कार्यक्रमाची लांबी, म्हणजे ‘व्ह्यूज’. आता थोडं गणित करू. समजा, दोन तासांचा सिनेमा आणि आठ तासांची मालिका, दोन्ही प्रत्येकी १ कोटी तास पाहिले गेले. तासांच्या यादीत दोघं शेजारीशेजारी. व्ह्यूजच्या यादीत सिनेमा ५० लाख आणि मालिका साडेबारा लाख. आणि हे ‘व्ह्यू’ म्हणजे माणूस नव्हे. एकाने पहिला अर्धा सिनेमा पाहून सोडला, दुसऱ्याने शेवटचा अर्धाच पाहिला, तरी मिळून एक व्ह्यू होतो.

यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक व्याख्या कंपनीने उघडपणे सांगितलेली आहे. माझं म्हणणं असं, की व्याख्या बदलते तेव्हा बहुतेक वेळा ऐकणारा बदललेला असतो. गुंतवणूकदाराला एक आकडा हवा असतो, निर्मात्याला दुसरा, जाहिरातदाराला तिसरा. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने जानेवारी ते जून २०२३ या सहा महिन्यांचा मोठा अहवाल काढला, १८ हजारांहून अधिक शीर्षकांचा. संशोधकांना आनंद झाला, मलाही झाला. पण त्या तक्त्यात यायला किमान ५० हजार तासांची अट होती, आणि आकडे साऱ्या जगाचे एकत्र. मराठी सिनेमा कोल्हापुरात किती पाहिला गेला आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांत किती, हे त्यातून काढता येत नाही. ५० हजारांखाली राहिलेला सिनेमा तर तिथे नाहीच. तुम्ही छोट्या भाषेच्या सिनेमावर काम करणार असाल, तर ही अट तुमच्या अभ्यासावर तुमच्या आधीच कात्री चालवून गेलेली असते.

इथे डॅलस स्मिथ आठवतात. या विषयावर लिहिताना त्यांना टाळता येत नाही, आणि टाळूही नका. १९७७ च्या त्यांच्या निबंधाचा मुद्दा असा: टीव्ही कंपनी कार्यक्रम विकत नाही, ती जाहिरातदाराला प्रेक्षक विकते, कार्यक्रम हा फक्त प्रेक्षक गोळा करण्यासाठी ठेवलेला फराळ. पुढच्याच वर्षी ग्रॅहम मर्डॉक यांनी त्याला उत्तर दिलं आणि वाद बराच चालला. पण आपल्याकडच्या आराखड्यांत स्मिथ येतात ते एका ओळीत, ‘प्रेक्षक ही वस्तू आहे’ एवढं सांगून जातात. मग त्याखाली ओटीटीची माहिती, आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, हे वाचणाऱ्याने ओळखायचं.

संबंध आहे, पण सरळ नाही. स्मिथ यांच्या टीव्हीत प्रेक्षकाला बाहेर पडायचा दरवाजा नव्हता. जाहिरात नको असेल तर उठून चहा टाकायला जायचं, एवढंच त्याच्या हातात. वर्गणीच्या सेवेत बाहेर पडता येतं, फक्त त्या दारावर दर लिहिलेला आहे. आणि जाहिरातदाराची पंचाईत तिथेच होते. त्याला खिशात पैसे असलेला माणूस हवा असतो. खिशात पैसे असलेला माणूस मात्र पैसे टाकून जाहिरातीतून सुटतो. मागे उरतो तो ज्याला ती रक्कम जड वाटते, किंवा ज्याला जाहिरातीचं फारसं काही वाटत नाही. संख्याशास्त्राच्या पेपरात आपण ‘नमुना-निवडीतला पक्षपात’ शिकतो ना, तो इथे धंद्याच्या रचनेतच बसलेला आहे.

या पंचाईतीवर दोन कंपन्यांनी काढलेले मार्ग शेजारी ठेवून बघा, म्हणजे कळेल की दोघींना एकाच ‘एसव्हीओडी’ चौकटीत टाकणं किती निरुपयोगी आहे. नेटफ्लिक्सने आधी जाहिरातींचा प्लॅन वेगळा ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा. मग २०२३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमध्ये जाहिराती नसलेला सर्वांत स्वस्त प्लॅन नव्या गिऱ्हाइकांना देणं बंद केलं. खालची पायरीच काढून टाकली की माणूस एक तर वर चढतो, नाहीतर जाहिरातीत उतरतो. अॅमेझॉनने उलटं केलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत प्राइम व्हिडिओच्या सगळ्याच सदस्यांना जाहिराती लागू केल्या. नको असतील तर महिना २.९९ डॉलर जादा भरा. भारतात हेच १७ जून २०२५ पासून झालं. सुटकेचा दर महिना १२९ रुपये, किंवा वर्षाला ६९९.

पहिल्या पद्धतीत जाहिरात पाहणारा माणूस स्वतः तिथे आलेला असतो. दुसऱ्या पद्धतीत तो होता तिथेच राहिला, जाहिरात त्याच्याकडे चालत आली. आपण सहसा आहे ती सेटिंग बदलत नाही, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत पैसेवाला प्रेक्षकही पुष्कळसा आतच राहतो. शिवाय प्राइमचा सदस्य मुळात व्हिडिओसाठी आलेला असेलच असं नाही. डबे, चार्जर, साबण लवकर घरी यावेत म्हणूनही लोक सदस्य होतात. जाहिरातदाराच्या दृष्टीने यात मोठी सोय आहे: जाहिरात दाखवणारी आणि वस्तू विकणारी कंपनी एकच असते, तेव्हा मिक्सरची जाहिरात पाहिलेल्या खात्यावरून पुढे मिक्सर घेतला गेला का, हे ताडून पाहता येतं. टीव्हीच्या जाहिरातीला हे कधीच जमलं नाही.

त्या १२९ रुपयांकडे संशोधक म्हणून जरा थांबून बघा. जाहिरात न दाखवण्याची ही कंपनीने स्वतः जाहीर केलेली किंमत आहे. त्यावरून एका सदस्याकडून जाहिरातीतून नेमकं किती उत्पन्न मिळतं, हे सिद्ध होत नाही. किमती ठरवताना बाकीचीही गणितं असतात. पण ‘प्रेक्षकाच्या लक्षाला किंमत आहे’ हे वाक्य पुस्तकातून उचलून लिहिण्यापेक्षा, तारीख आणि दर असलेलं हे उदाहरण तुमच्या प्रबंधात जास्त काम करेल.

भारतात तर चौकटी अजूनच ढासळतात. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये इथे फक्त मोबाइलवर चालणारा १९९ रुपयांचा प्लॅन आणला आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये तो १४९ वर उतरवला. म्हणजे परदेशात स्वस्ताईच्या बदल्यात जाहिरात घेतली, इथे स्वस्ताईच्या बदल्यात पडदा लहान केला. ‘स्वस्त प्लॅनचा प्रेक्षक’ ही दोन्हीकडे एकच गोष्ट आहे असं धरून तुलनात्मक अभ्यास करणारा विद्यार्थी दुसऱ्याच प्रकरणात अडकेल.

आणि क्रिकेट. २०२२ पर्यंत आयपीएल ऑनलाइन पाहायचं तर डिझ्नी प्लस हॉटस्टारची वर्गणी लागायची. २०२३ ते २७ चे डिजिटल हक्क व्हायकॉम १८ ने मोठी बोली लावून घेतले. त्यांच्यासाठी मोजलेली २३,७५८ कोटींची रक्कम टीव्हीच्या हक्कांच्या २३,५७५ कोटींपेक्षाही थोडी जास्त होती. २०२३ मध्ये जिओसिनेमाने सामने फुकट दाखवले. पुढे दोन्ही सेवा एकत्र होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि आयपीएल परत वर्गणीकडे वळलं, पुष्कळांसाठी मोबाइलच्या रिचार्जसोबत. आता तुमच्या प्रश्नावलीतला सातारचा मुलगा घ्या. तोच मुलगा, तोच फोन, तीच स्पर्धा. २०२२ मध्ये तो एसव्हीओडी, २०२३ मध्ये एव्हीओडी, २०२५ मध्ये पुन्हा एसव्हीओडी. षटक संपल्यावरची जाहिरात त्याने तिन्ही वर्षी पाहिली. त्याच्यात काय बदललं? आणि रिचार्ज मारल्यावर आपोआप मिळालेल्या वर्गणीला त्याची ‘पसंती’ म्हणायचं का? बऱ्याच प्रश्नावल्यांमध्ये ‘आपण ओटीटीची वर्गणी घेतली आहे का? होय/नाही’ एवढाच प्रश्न असतो. घरातल्या आईला विचारलंत तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि ती रोज दोन तास मुलाच्या खात्यावर मालिका पाहत असेल.

खातं म्हणजे घर नव्हे, ही काही आपल्याकडचीच भानगड नाही. नेटफ्लिक्सनेच २०२२ मध्ये सांगितलं होतं, की पैसे भरणाऱ्या २२ कोटी २० लाख घरांशिवाय आणखी १० कोटींहून अधिक घरं उधारीच्या पासवर्डवर पाहतात.

थोडं यंत्राच्या बाजूनेही बघू, कारण जाहिरातदाराला मिळणारा पुरावा तिथूनच येतो. ओटीटीवरचा व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. कोणता तुकडा कधी मागवायचा, याची यादी प्लेअरकडे असते. सर्व्हर त्या यादीत मधेच जाहिरातीचे तुकडे घालून देऊ शकतो, आणि म्हणून एकाच षटकानंतर तुमच्या फोनवर एक जाहिरात आणि शेजारच्याच्या टीव्हीवर दुसरी, असं होतं. मग नोंद होते: जाहिरात सुरू झाली, पाव झाली, अर्धी, पाऊण, पूर्ण. ही नोंद यंत्राची आहे. समोर कोणी होतं का, एक होता की आठ, हे तिला कळत नाही. टीव्हीसाठी बार्क ५० हजारांहून अधिक घरांत मीटर बसवतं, ते आवाजात लपवलेली खूण ओळखतात आणि कोण बसलंय ते घरच्यांनी बटण दाबून सांगायचं असतं. तिथे माणूस कळतो, पण घरं मोजकी. ओटीटीवर यंत्रं सगळी कळतात, माणूस कळत नाही.

मोजकी घरं म्हटली की फेरफारही आला. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी प्रकरणात गुन्हा नोंदवला. मीटर असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावायला सांगितल्याचा आरोप होता. बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. या प्रकरणावरून काही जण म्हणतात, बघा, ओटीटीचा सर्व्हर बरा, त्याला कोणी लाच देऊ शकत नाही. मला हे पटत नाही. बार्क ही वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिन्ही बाजूंची मिळून उभी केलेली संस्था आहे. तिच्या आकड्यावर भांडता येतं, कारण तो विकणाऱ्याच्या एकट्याच्या हातात नाही. सर्व्हरचा आकडा विकणाराच मोजतो. ब्रिटनमध्ये नेटफ्लिक्स ऑक्टोबर २०२२ मध्ये बार्ब या तिथल्या सामायिक मोजणी संस्थेत सामील झालं, जाहिरातींचा प्लॅन येण्याच्या तोंडावर. जाहिरातदाराला परक्याचा तराजू लागतो, हे कंपनीलाही ठाऊक होतं.

भारतात मात्र आपल्या हाती येतात ते बहुधा कंपन्यांनी जाहीर केलेले आकडे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते, हे आपण सगळ्यांनी वाचलं. ते ५ कोटी ९० लाख पडदे होते. सोसायटीच्या आवारात लावलेला एक मोठा पडदा त्यात एकच, आणि एकाच माणसाने टीव्हीवर लावून फोनवरही उघडलेला सामना दोनदा.

आता ताजं उदाहरण. मे २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने सांगितलं, की जाहिरातींच्या प्लॅनचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते ९ कोटी ४० लाख आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आकडा आला १९ कोटी. सहा महिन्यांत दुप्पट? नाही. शब्द बदलला होता: ‘वापरकर्ते’ जाऊन ‘प्रेक्षक’ आले. महिन्यात किमान एक मिनिट जाहिरात पाहिलेले सदस्य घ्यायचे आणि त्यांना घरातल्या माणसांच्या अंदाजे सरासरीने गुणायचं. बाजूला बसलेली आजी आता मोजली गेली, हे एका अर्थी बरंच झालं. पण ती खरंच बसली होती का, हे कोणी पाहिलेलं नाही. ती सरासरीतून आली. आणि त्याच वर्षीच्या सुरुवातीपासून कंपनीने दर तिमाहीला वर्गणीदारांची संख्या सांगणं बंद केलं होतं.

तुमचा आराखडा लिहिताना म्हणूनच ती तीन चौकटींची आकृती काढून टाका आणि त्या जागी तुमच्या अभ्यासातल्या दोन किंवा तीन सेवांचे प्लॅन तारखांसकट मांडा: कोणत्या महिन्यात कोणता प्लॅन होता, दर काय, जाहिरात कोणाला आपोआप लागू झाली, सुटायला काय भरावं लागत होतं. कंपन्या जुनी पानं ठेवत नाहीत, पण वेबॅक मशीनवर पुष्कळ सापडतात. आजपासून दर महिन्याच्या एक तारखेला स्क्रीनशॉट काढून ठेवलात तर मौखिकीपर्यंत तुमच्याकडे स्वतःची दोन-तीन वर्षांची नोंद होईल. प्रश्नावलीत ‘वर्गणी आहे का’च्या जागी चार प्रश्न घाला: कोणाच्या खात्यावर पाहता, पैसे कोण भरतं, ते रिचार्जसोबत आलं का, आणि पाहताना खोलीत अजून कोण असतं. शेवटच्या प्रश्नाला जागा जास्त सोडा, कारण उत्तरं लांब येतात.